कांचतंतूंचें विमान आणि घर्षणविद्युत्

माघ महिन्यांत रात्रीं दिवा मालवून अंगांतील नायलॉनचा किंवा लोंकरीचा स्वेटर काढतांना चटचट असा आवाज होतो आणि अंधारांत बारीक निळसर ठिणग्या चमकून जातात, हें तुम्हांपैकीं बहुतेकांनीं अनुभविलें असेल. आपल्या माण गांवीं त्या दिवसांत हवा फार कोरडी असते. फाल्गुन-चैत्राच्या दुपारीं तर हवेंतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खालीं येते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीस हात लावावा तों बोटास चटका बसतो. आपण हंसून सोडून देतों. परंतु हाच चटका एखाद्या वेळीं भलत्याच ठिकाणीं बसला तर काय होतें, याचें एक उदाहरण मीं स्वतः पाहिलें आहे, आणि त्यामुळेंच हा लेख लिहावयास प्रवृत्त झालों आहें.

आपल्या भोंवतालच्या औद्योगिक पट्ट्यांत, म्हणजे भोसरीपासून चाकणपर्यंत, फायबरग्लासचीं कामें करणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. कोठें मोटारीचे भाग होतात, कोठें पाण्याच्या टांक्या, कोठें यंत्रांचीं झांकणें. तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील किंवा वडील बंधु अशा ठिकाणीं कामास आहेत. अशाच एका शेडमध्यें कांहीं वर्षांपूर्वीं फेब्रुवारीच्या एका दुपारीं मी गेलों होतों. एक तरुण कारागीर मोठ्या मोल्डमधून तयार झालेला भाग सोडवीत होता. लांकडी पाचरी ठोकून त्यानें तो भाग हळूहळू उचलला. तो सुटतांना सर्रर असा आवाज झाला व माझ्या हातावरील केंस उभे राहिले. मग हात पुसण्यासाठीं म्हणून तो शेजारच्या ॲसिटोनच्या पत्र्याच्या डब्याकडे वळला. त्याचें बोट डब्याच्या कांठापासून अंगुळभर दूर असेल नसेल, तोंच टप् असा आवाज झाला आणि डब्यावर ज्वाळा उभी राहिली. सुदैवानें दुसऱ्यानें चपळाईनें झांकण टाकलें. त्या मुलाच्या हाताची कातडी भाजली. दोन महिने तो कामावर येऊं शकला नाहीं. कोणी विडी पेटविली नव्हती, दिव्याची तार तुटली नव्हती. आग त्याच्या बोटांतून आली होती.

हाच प्रसंग विमानासंबंधीं बोलतांना आठवावयाचें कारण असें कीं, ज्या कांचेच्या कापडानें व ज्या रेझिननें ती वस्तु घडविली होती, त्याच जातीच्या द्रव्यांनीं आज जगांत लोक आपल्या घरच्या गोठ्यांत, गॅरेजमध्यें विमानें बांधतात. आणि विमानाच्या टांकींत तर ॲसिटोन नव्हे, पेट्रोल असतें.

घरीं विमान बांधणें ही गोष्ट ऐकून कोणी हंसेल, म्हणून आधीं दोन शब्द त्याविषयीं सांगतों. आपल्याच महाराष्ट्रांत कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईंत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहांत तें लोकांनीं पाहिलें व २०१७ मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. गच्चीवरून तें खालीं उतरवावयासही यारी लागली असेल, हें सांगावयास नको. गृहनिर्मित विमान म्हणजे खेळणें नव्हे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

कांचतंतूंचीं विमानें मात्र त्यापूर्वींचीं आहेत. जर्मनींतील स्टुटगार्ट येथील विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या शिक्षकांनीं घडविलेलें 'फिनिक्स' नांवाचें ग्लायडर १९५७ च्या नोव्हेंबरांत उडालें. कांचतंतूंचें तें पहिलें ग्लायडर होय. १९७५ मध्यें अमेरिकेंतील बर्ट रुटान यांचें 'व्हॅरिईझी' हें चिमुकलें विमान उडालें, आणि तेव्हांपासून सामान्य माणसास घरीं विमान बांधण्याची एक नवी रीत सांपडली. आपल्या थर्मोकोलच्या भावकींतला असा एक हलका ठोकळा घ्यावयाचा, तापलेल्या तारेनें तो पंखाच्या आकारांत कापावयाचा, त्यावर कांचेचें कापड पसरून इपॉक्सी रेझिन चोपडावयाचें, आणि वाळूं द्यावयाचें. रिव्हेट नाहीं, गंज नाहीं, पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. आपल्या देशांतही बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनें घडविलेलें 'हंस' हें शिकाऊ विमान कांचतंतूंचेंच असून तें १९९३ मध्यें प्रथम उडालें. भारत सरकारनें २०१५ मध्यें हवाईदल, नौदल व एन. सी. सी. यांच्याकरितां स्लोव्हेनियांतील पिपिस्ट्रेल या कारखान्याकडे १९४ हलकीं विमानें मागविलीं, तींही तंतु व रेझिन यांचींच. तेव्हां तुमच्यापैकीं जो कोणी कॅडेट होईल, त्यास या द्रव्याशीं संबंध येण्याचा बराच संभव आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांस लागून मग विलग झाले म्हणजे एकाच्या पृष्ठभागावरचे कांहीं इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. याला आपण घर्षणविद्युत् म्हणतों. पण खरें पाहतां घर्षण हें निमित्तमात्र आहे, स्पर्श आणि वियोग एवढेंच पुरें आहे. मोल्डमधून भाग सुटतांना नेमकें हेंच झालें. मग प्रश्न असा कीं, हा भार कोठें जातो? धातूवर पडलेला भार हा परातींतल्या पाण्यासारखा असतो. कोठेंही ओता, क्षणांत सर्वत्र पसरून एका पातळीस येतो, आणि परातीस कोठें भोंक असेल तर तेथून वाहून जातो. कांचतंतूवरचा भार हा अंगणांतल्या रांगोळीसारखा. जेथें पडली तेथेंच पडून राहते. कोरड्या हवेंत चांगल्या फायबरग्लासवरील भार ओसरावयास कित्येक मिनिटें, कधीं कधीं त्याहूनही अधिक वेळ लागतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग कांचतंतूंचें विमान म्हणजे सर्वांगीं भारलेलें धोकादायक यंत्रच! येथें बहुतेकांची समजूत चुकते, व माझीही प्रथम चुकली होती. रांगोळीसारखा पसरलेला भार तितका घातक नाहीं. त्याच्याजवळ बोट नेलें तर जेवढ्या जागेसमोर बोट असेल तेवढ्याच जागेचा भार निघून येतो. शेजारचा भार तेथवर वाहून येऊं शकत नाहीं, कारण त्यास वाटच नाहीं. फुसफुस असा क्षीण विसर्ग होतो. खरा धोका आहे तो या अवाहक शरीरांत ठिकठिकाणीं बसविलेल्या धातूच्या तुकड्यांचा. पेट्रोल भरावयाच्या तोंडाची ॲल्युमिनियमची कडी, टांकीच्या तळाचा गाळ काढण्याचा नळ, बिजागऱ्या, दाराची मूठ, पंखाच्या टोंकावरील दिव्याचें बूड, अशा वस्तु धातूच्याच असाव्या लागतात. धातूच्या विमानांत या साऱ्या एकमेकींस आपोआप जोडलेल्या असतात, कारण विमानाचें अंगच त्यांना जोडतें. कांचतंतूंच्या विमानांत मात्र त्यांतील प्रत्येक वस्तु समुद्रांतल्या बेटासारखी एकटी असते.

पावसाळ्यांत पागोळ्यांखालीं घागर ठेवतात, तिची आठवण करा. पागोळींतून थेंब थेंब गळतो, त्याचें कोणास भय वाटत नाहीं. पण रात्रभर भरलेली घागर एकदम उपडी झाली तर घरांत पाणीच पाणी होतें. एकाकी धातूचा तुकडा हा भाराची घागर होय. भोंवतालच्या पृष्ठभागावरून, पुसण्याच्या फडक्यावरून, वाहणाऱ्या पेट्रोलांतून जमेल तसा भार तो सांठवितो, आणि कोणी त्याच्याजवळ धातूचें टोंक किंवा बोट नेलें कीं, सगळाच्या सगळा एका ठिणगीत रिता करतो. कारखान्यांतला तो मुलगाही रबरी तळाच्या जोड्यांवर उभा असलेलें असेंच एक बेट होता. मनुष्याचें शरीर बऱ्यापैकीं वाहक आहे, हें विसरूं नये.

आतां थोडा हिशेब करूं. गणितावांचून भय व निर्भयता या दोन्ही आंधळ्या असतात. मनुष्यशरीराची विद्युत् सांठविण्याची शक्ति सुमारें १५० पिकोफॅरड धरतात. कोरड्या दिवसांत चालतां-बसतां शरीराचा दाब तीन हजार व्होल्ट होणें ही सामान्य गोष्ट आहे. त्याहून कमी असेल तर चटका आपणांस जाणवतही नाहीं. सांठलेली ऊर्जा काढण्याचें सूत्र वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे: धारणशक्तीची निमपट गुणिलें दाबाचा वर्ग. तीन हजार व्होल्टांस ही ऊर्जा सुमारें ०.७ मिलिज्यूल येते. पेट्रोलची वाफ व हवा यांचें योग्य मिश्रण पेटावयास सुमारें पाव मिलिज्यूल पुरतो. म्हणजे जो चटका तुम्हांस जेमतेम जाणवला, त्यांत पेट्रोल पेटविण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा होती. दहा हजार व्होल्टांवर हाच आंकडा साडेसात मिलिज्यूलवर, म्हणजे तीसपटीवर जातो. 'मला तर कांहीं जाणवलें नाहीं' हें म्हणणें या बाबतींत पुरावा होऊं शकत नाहीं.

विमान जमिनीवर उभें असून त्यांत पेट्रोल भरलें जात आहे, हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा; म्हणून त्याविषयीं सविस्तर लिहितों.

पेट्रोल हें स्वतः विद्युतीचें अत्यंत वाईट वाहक आहे. नळींतून, विशेषतः बारीक गाळणींतून जातांना तें भारित होतें व तो भार आपल्याबरोबर टांकींत नेतें. टांकी धातूची असेल तर भार भिंतींवाटे निघून जातो. पण गृहनिर्मित विमानांत बहुधा पंखाच्या पोकळीलाच आंतून रेझिन लावून टांकी बनविलेली असते. तेव्हां भिंतींवाटे वाट नाहीं. भार पेट्रोलांत तरंगत राहतो व भरण्याच्या तोंडाच्या धातूच्या कडीवर आपला प्रभाव पाडतो. इतक्यांत वरून पंपाची धातूची चोंच आली, ती कडीपासून केसभर दूर राहिली, आणि नेमक्या त्याच ठिकाणीं पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. याहून वाईट जागा ठिणगीस मिळणार नाहीं.

धातूच्या विमानावर काम केलेला मनुष्य येथें संवयीनें काय करतो? तो जमिनीशीं जोडलेल्या तारेचा चिमटा इंजिनाच्या धुराड्यास लावतो व निश्चिंत होतो. धातूच्या विमानांत तें योग्यच आहे. कांचतंतूंच्या विमानांत मात्र धुराडें म्हणजे एक बेट, आणि टांकीची कडी म्हणजे दुसरेंच बेट. त्या दोहोंमध्यें कांहीं संबंधच नाहीं. चिमटा लावलेला दिसतो, तरी उपयोग शून्य. चाकांवाटे भार जाईल म्हणावें, तर रुटान यांच्या विमानांचे मुख्य पाय देखील कांचतंतूंच्याच लवचिक पट्टीचे आहेत. या विमानांत सुरक्षिततेचा देखावा उभा करणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीति वाटते.

उपाय मात्र साधा, स्वस्त, आणि विमान बांधतांनाच करावयाचा आहे. बेटांमध्यें पूल बांधावेत. भरण्याच्या तोंडाच्या कडीपासून तांब्याची एक पट्टी किंवा विणलेली तार टांकीच्या आंतून गाळाच्या नळापर्यंत, तेथून पेट्रोल ओढणाऱ्या धातूच्या नळीपर्यंत आणि पुढें इंजिनापर्यंत न्यावी. पंखावरचें कापड चढण्यापूर्वीं ही तार आंत ठेवावयास चार आण्यांचें काम पुरे. एकदां पंख बंद झाला म्हणजे तेंच काम करावयास पंख फाडावा लागतो. मग जमिनीशीं जोडावयाचा चिमटा धरतां येईल अशी एक उघडी खुंटी बाहेर ठेवावी, आणि ती टांकीच्या तोंडापासून कांहीं अंतरावर असावी. कारण चिमटा लावतांनाच ठिणगी पडावयाची असेल तर ती वाफेपासून दूर पडो.

ही तार जाड असावयास हवी काय, असें एका विद्यार्थ्यानें मला विचारलें. प्रश्न उत्तम होता. घरांतील विजेची संवय असल्यामुळें आपणांस वाटतें कीं, हजारों व्होल्ट म्हणजे मनगटाएवढी तार हवी. वस्तुतः घर्षणविद्युतीचा प्रवाह मायक्रोअँपिअरांत, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. त्याला वाट मिळाली म्हणजे झालें. ती वाट दहा लक्ष ओहम रोधाची असली तरी भार निमिषांत ओसरतो. तार जाड ठेवतात ती केवळ धक्क्यांनीं तुटूं नये म्हणून. जोड पक्का आहे कीं नाहीं हें दोनशें रुपयांच्या मल्टिमीटरनें पाहतां येतें. वर्षांतून एकदां तरी तें पाहावें. स्क्रूखालीं रंग किंवा रेझिनचा पातळ थर गेला तरी पूल तुटतो आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं.

भरतांना क्रम पाळावा. आधीं विमान जमिनीशीं जोडावें, मग पंप किंवा डबा विमानाशीं जोडावा, मग टांकीचें झांकण उघडावें. आवरतांना हाच क्रम उलटा. चोंच कडीस टेकवून धरावी, ती मध्यें उचलूं नये. आरंभीं पेट्रोल सावकाश सोडावें. उंचावरून शिंतोडे उडवीत ओतलेल्या पेट्रोलावर भार अधिक चढतो. प्लॅस्टिकच्या कॅनमधून प्लॅस्टिकच्या नरसाळ्यांतून ओतणें ही आपल्याकडील सर्रास रीत आहे, आणि ती वाईट आहे, कारण त्या दोहोंना तार जोडून उपयोग होत नाहीं. धातूचा डबा व धातूचें नरसाळें घ्यावें. डबा भरावयाचा असेल तेव्हां तो गाडींतून खालीं जमिनीवर उतरवून भरावा. गाडीच्या प्लॅस्टिकच्या किंवा गालिच्याच्या बैठकीवर ठेवलेला डबा पुन्हां बेटच होतो. भरून झाल्यावर पातळी पाहण्यासाठीं लगेच लोखंडी पट्टी आंत घालूं नये, थोडा वेळ जाऊं द्यावा. पट्टी लांकडाची असल्यास उत्तम. आणि भरण्यापूर्वीं पंख कोरड्या फडक्यानें चकचकीत पुसण्याचा मोह आवरावा. पुसावयाचाच असेल तर ओल्या कापडानें पुसावा. पाण्याचा अदृश्य थर पृष्ठभागावर राहतो व तोच भाराला वाट देतो. आषाढांत आपल्याकडे स्वेटर काढतांना ठिणग्या कां पडत नाहींत, याचें उत्तरही त्यांतच आहे.

आकाशांतील प्रकार निराळा आहे. तेथें पेट्रोलापेक्षां वैमानिकाच्या कानांस त्रास अधिक होतो. विमान वेगानें जात असतां धुळीचे कण, हिमकण, पावसाचे थेंब त्याच्यावर आपटून पुन्हां विलग होतात, आणि प्रत्येक कण थोडा भार ठेवून जातो. पावसाच्या थेंबांवर भार असतो, हें मोजून दाखविण्याचें महत्त्वाचें काम आपल्याच देशांत झालें आहे. भारतीय हवामान खात्यांतील जॉर्ज सिंप्सन यांनीं सिमल्यास पावसाच्या पाण्यावरील भार मोजला व १९०९ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच खात्याचें मुख्य कार्यालय पुढें १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें, आणि शिवाजीनगरची ती दगडी इमारत तुम्हीं सहलीच्या वेळीं पाहिलीच असेल.

विमानावरील भार वाढत गेला म्हणजे तो टोंकांवरून व कडांवरून हवेंत निसटूं लागतो; अंधारांत तेथें निळसर प्रभाही दिसते. निसटणें चांगलेंच, पण तें धक्क्याधक्क्यांनीं होतें, आणि प्रत्येक धक्का म्हणजे रेडिओस एक आवाज. कानांत अशी खरखर सुरू होते कीं, विमानतळावरील अधिकाऱ्याचा शब्द ऐकूं येत नाहीं. धातूच्या विमानांवर यासाठीं पंखांच्या मागील कडांस बारीक झुबके किंवा काड्या लावलेल्या तुम्हीं चित्रांत पाहिल्या असतील. प्रवासी विमानांत खिडकीजवळ बसल्यास त्या स्पष्ट दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला व त्यांतून हे झुबके प्रचारांत आले. त्यांच्या तंतूंवरून भार अखंड, निमूट झिरपून जातो.

कांहीं हौशी बांधणारे हे झुबके विकत आणून फायबरग्लासच्या पंखावर नुसते चिकटवितात. हें म्हणजे पन्हळ नसलेल्या छपराच्या कोंपऱ्यांत नळ बसविण्यासारखें झालें. पाणी त्याच्यापर्यंत येणार कसें? आधीं पृष्ठभाग थोडा तरी वाहक पाहिजे. त्यासाठीं कोळशाची पूड मिसळलेला एक काळा रंग मिळतो. त्याचा थर पंखाच्या पुढच्या कडेवर, जेथें कण आपटतात तेथें, व मागें झुबक्यांपर्यंत देतात, आणि तो थर मघाच्या तांब्याच्या तारांशीं जोडतात. वरून पांढरा रंग येतो. कांचतंतूंचीं विमानें बहुधा पांढरींच कां, असें कोणी विचारील. इपॉक्सी उन्हानें तापली तर मऊ पडूं लागते. आपल्या वैशाखांतल्या उन्हांत गडद रंगाचा पंख हात लावूं देणार नाहीं. म्हणून काळा आंत आणि पांढरा बाहेर.

हा काळा रंग सर्वत्र मात्र फांसूं नये. कांचतंतूंतून रेडिओच्या लहरी सहज आरपार जातात, म्हणून अशा विमानांत रेडिओची ग्राहक तार शेपटीच्या आंतच लपवितां येते, आणि ही त्या द्रव्याची मोठी सोय आहे. तिच्यावर वाहक थर दिला तर रेडिओ बहिरा होतो. शिवाय ती तार आंत असल्यामुळें बाहेरील कातडीवरच्या लहान लहान विसर्गांचा उपद्रव तिला फार जवळून होतो. कोठें रंग द्यावा व कोठें देऊं नये, हें प्रत्येक विमानाचे नकाशे पाहूनच ठरवावें लागतें. सरसकट नियम मला तरी ठाऊक नाहीं.

वैमानिकासमोरच्या पारदर्शक झांकणाविषयीं एक गमतीची गोष्ट सांगतों. तें झांकण ॲक्रिलिकचें असतें. कोरड्या फडक्यानें पुसलें कीं, धूळ जाण्याऐवजीं उलट ओढून घेतें. जुन्या पद्धतीच्या मापकयंत्राच्या प्लॅस्टिकच्या चकतीवर असेंच फडकें फिरविलें तर आंतला कांटा आपोआप हलून भलताच आंकडा दाखवूं लागतो. आपल्या प्रयोगशाळेंतल्या मीटरवर हा प्रयोग करून पाहा, आणि मग चकतीवर नुसता श्वास सोडा. कांटा शहाण्यासारखा जागेवर येतो.

आतां एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यांत प्राणाशीं गांठ आहे. वर सांगितलेले सर्व उपाय घर्षणविद्युतीसाठीं आहेत, आकाशांतल्या विजेसाठीं नाहींत. दोन्ही एकाच जातीच्या, पण मुंगी आणि हत्ती यांच्यांत जें अंतर, त्याहून अधिक अंतर त्यांच्यांत आहे. घर्षणविद्युतीचा प्रवाह मायक्रोअँपिअरांचा. कडाडणाऱ्या विजेचा तीस हजार अँपिअर व क्वचित् त्याच्या कित्येक पट. १७ एप्रिल १९९९ रोजीं इंग्लंडांत डन्स्टेबलजवळ 'ए एस के २१' जातीच्या दोन आसनी फायबरग्लासच्या ग्लायडरवर वीज पडली. पंखाच्या आंत सुकाणूंच्या धातूच्या नळ्या होत्या; प्रवाह त्यांतून गेला, आंतील हवा क्षणांत तापून स्फोटासारखी फुगली, आणि पंखाची कातडी उकलून गेली. ग्लायडरचे तुकडे झाले. आंतील दोघेही हवाई छत्रीच्या साहाय्यानें खालीं उतरून वांचले, हें त्यांचें भाग्य. टांकीची कडी जमिनीशीं जोडणारी आपली बारीक तार अशा वेळीं क्षणार्धांत वाफ होऊन जाईल, आणि झुबके वीज टाळीत नाहींत. मोठीं प्रवासी विमानें तंतुद्रव्याचीं असलीं तरी त्यांच्या कातडींत तांब्याची जाळी घातलेली असते; गृहनिर्मित विमानांत ती सहसा नसते.

म्हणून अशा विमानाच्या मालकानें वैशाखांतले वळवाचे ढग पश्चिमेस मुळशीच्या डोंगरांवर चढतांना दिसले कीं, विमान बाहेर काढूं नये, एवढेंच. आपल्यापासून फार दूर नसलेल्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें महाराष्ट्रांत विजेचीं ठिकाणें टिपणाऱ्या यंत्रांचें जाळें उभारलें आहे, आणि 'दामिनी' नांवाच्या मोबाईलवरील योजनेनें जवळपास वीज पडत असल्याची सूचना मिळते. शेतकऱ्यांसाठीं ती काढली, पण वैमानिकानेंही ती पाहावयास हरकत नाहीं.

त्या कारखान्यांतील मुलगा पुढें बरा होऊन कामावर परत आला. मी पुन्हां गेलों तेव्हां शेडमध्यें बराच बदल झालेला दिसला. मोल्डच्या लोखंडी सांगाड्यापासून जमिनींत गाडलेल्या सळईपर्यंत तार नेली होती, ॲसिटोनचा डबा झांकणासह दूरच्या कोंपऱ्यांत गेला होता व तोही तारेनें बांधला होता, आणि मोल्डसमोर ओलें गोणपाट अंथरलें होतें. भाग सोडविल्यावर तो मुलगा आधीं सांगाड्याच्या उघड्या लोखंडास तळहात टेकवितो, मग दुसऱ्या कशास हात लावतो. तळहातच कां, बोट कां नाहीं, असें मीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "बोटानं चटका बसतो मास्तर, तळव्यानं कळत पण नाही."

त्याच शेडमधून आणलेला फायबरग्लासचा वीतभर तुकडा आपल्या प्रयोगशाळेंत खिडकीपाशीं ठेवला आहे. गेल्या फेब्रुवारींत नववीच्या मुलांनीं तो रेशमी रुमालानें घांसून सुवर्णपत्र-विद्युद्दर्शकाजवळ धरला, तेव्हां मिटावयास लागलेलीं पानें पाहत बसतां बसतां तास संपल्याची घंटा झाली. जुलैंत तोच प्रयोग केला, तर घांसलेला तुकडा टेबलापासून यंत्रापर्यंत नेईपर्यंत त्यावर कांहीं उरलेंच नाहीं. पानें उघडलींच नाहींत.